करवंट्यांचा घोडा

रेडिओवर कुणाचं हाड मोडायचं असेल तर कोबी लागतो. चांगला घट्ट, दोन्ही हातांत धरून पिळला की करकर मोडणारा. पाऊस पाहिजे तर कागदावर तांदूळ, समुद्र पाहिजे तर पत्र्याच्या थाळीत सुके वाटाणे, आणि घोडा पाहिजे तर नारळाच्या दोन करवंट्या आणि खडीने भरलेला ट्रे. गेली अकरा वर्षं मी रेडिओच्या नाटकांसाठी हे असले आवाज करते. लोकांना वाटतं, स्टुडिओत खरा घोडा येतो. खरा घोडा आणला तर तो टापा कधी वाजवेल आणि त्याऐवजी दुसरं काय करून ठेवेल याचा नेम नाही, म्हणून मला पगार देतात. कागदोपत्री मी ध्वनिसहायक आहे. काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणारे आमचे काचभाऊ मात्र मला ‘खोटारडी’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चालते.

माझा घोडा नावाजलेला आहे, पण त्याच्यात एक खोट आहे. लहानपणी माझं डावं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून तो हात किंचित उशिरा पडतो. त्यामुळे माझे सगळे घोडे, राजाचे असोत की दरोडेखोरांचे, जरासे लंगडतात. ऐकणाऱ्यांना कळत नाही. काचभाऊंना कळतं आणि मला कळतं, आणि आम्ही दोघांनी अकरा वर्षं याची वाच्यता केलेली नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे कोबी. सहाव्या आठवड्यात मला कळलं की कोबीला वास असतो. सातव्या आठवड्यात कळलं की सगळ्यालाच वास असतो. साबणाला, पाण्याला, बंद कपाटाला, फोनवर बोलणाऱ्या मावशीला. याला पुस्तकात ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्याकडे घड्याळ नसावं. मी सकाळी ओकायचे, दुपारी ओकायचे, संध्याकाळी ओकायचे, आणि मधल्या वेळात त्याची तयारी करायचे. दिवसातून बारा-पंधरा वेळा. घोटभर पाणी प्यायलं की दोन घोट बाहेर. हा जास्तीचा घोट कुठून येत होता ते शास्त्रज्ञांनी शोधून काढावं.

नवऱ्याचाही वास येऊ लागला. बिचारा भूगोलाचा मास्तर, त्याने आधी अत्तर सोडलं, मग साबण सोडला, मग कांदा सोडला. शेवटी मी त्याला म्हटलं, “अरे, तू आहेस तो बरा आहेस, फक्त दाराच्या पलीकडे राहून बरा राहा.” तो हॉलमध्ये झोपायला गेला. मग एक दिवस तो शाळेतून थेट येऊन माझ्याशेजारी बसला आणि मला काहीच झालं नाही. का, तर त्याच्या बाहीला खडू लागला होता. सगळ्या दुनियेत मला सोसणारा एकच वास उरला होता, खडूचा. तेव्हापासून मास्तर रोज उजवी बाही फळ्याला मुद्दाम घासून घरी यायचा, आणि मी ती बाही नाकाशी धरून बसायचे. शिपायाने त्याला विचारलं, “सर, डस्टर हरवलं का?”

हसण्यावारी नेते आहे, पण मनात एकच प्रश्न होता आणि तो उठता-बसता टोचत होता. माझ्या पोटात काही राहतच नाही, तर तिथे जे राहायला आलंय ते जगतंय कशावर? दोन वर्षांपूर्वीही एक जण असाच आला होता. राहिला नाही. त्या वेळी मला साधी मळमळही नव्हती, मी दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, तरी राहिला नाही. मग या वेळी उपाशीपोटी काय राहणार? म्हणून आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं. घरात फक्त तिघांना माहीत होतं: मला, मास्तरला आणि सासूबाईंना.

सासूबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. त्यांच्या मते जगात उलटी एकाच कारणाने होते, बस लागल्यामुळे. स्वतः त्यांना गरोदरपणी काही म्हणजे काही झालं नव्हतं. आठव्या महिन्यात त्यांनी एकटीने कपाट सरकवलं होतं, आणि ते कपाट अजून तिथेच आहे, बघून घ्यावं. त्यामुळे सुनेचं हे प्रकरण समोर आल्यावर त्यांनी आपलं सगळं ज्ञान बाहेर काढलं.

“मागे बसू नकोस, मागे जास्त लागतं,” त्या म्हणाल्या.

“आई, हे घर आहे. इथे मागे कुठे?”

“स्वयंपाकघराची बाजू म्हणजे मागची सीट. बाल्कनीच्या बाजूला ये, ड्रायव्हरच्या जवळ.”

माझी खुर्ची बाल्कनीच्या दाराशी गेली, तोंड पुढे. वाचायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, नजर लांब क्षितिजावर ठेवायची. आमचं क्षितिज म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधले टकले गृहस्थ. ते आपल्या गॅलरीत बसून चहा प्यायचे. मी डोळे फाडून त्यांच्याकडे बघत राहायचे आणि अधूनमधून कागदी पिशवीत तोंड घालायचे. चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी ते खुर्ची उचलून आत गेले, ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत.

पिशव्या सासूबाई स्वतः करत. वर्तमानपत्राच्या, दुहेरी तळाच्या, डझनाच्या गड्ड्यांत. शिवाय त्या बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या. आतून आवाज चालू असला की एक टकटक, म्हणजे ‘थांबा’. आवाज बंद झाला की दोन टकटक, म्हणजे ‘चला’. मला राग यायचा. मी म्हणायचे, बाई गं, मला निवांत ओकू तरी दे. पण खरं सांगते, ती दोन टकटक ऐकल्याशिवाय माझे पाय उचलत नसत.

त्या बुधवारी एकोणतिसाव्या भागाचं मुद्रण होतं. राजपुत्र आणि त्याचे सैनिक अंधाऱ्या गुहेत शिरतात, दरोडेखोरांशी गाठ पडते, मारामारी. दिग्दर्शकांनी सात हाडं मोडायला सांगितली.

“साहेब, दोन मोडू,” मी म्हटलं. “बाकीच्यांना नुसतं विव्हळू द्या.”

“बाई, हे युद्ध आहे, भाजीबाजार नाही.”

माझ्या टेबलावर चार कोबी, दोन जुड्या भाजी आणि टोपलीभर गाजरं होती. भाजीबाजारच होता. पण दिग्दर्शकांशी वाद घालायला तोंड उघडावं लागलं असतं आणि तोंड उघडणं त्या दिवसांत जोखमीचं होतं.

पहिलं हाड निभावलं. दुसरं निभावलं. तिसऱ्या हाडाला कोबीचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दार लांब होतं. जवळ होता तो विहिरीचा पिंप. आमच्याकडे एक उंच पत्र्याचा पिंप आहे, त्यात तोंड घालून बोललं की विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतो. त्याच्या काठावर एक माइक कायम लावलेला असतो. मी पिंपात तोंड घातलं आणि मोकळी झाले.

आता राजपुत्राचं काम करणारा नट जातिवंत. आभाळ कोसळलं तरी प्रसंग सोडणार नाही. संहितेत नसलेला आवाज ऐकून तो क्षणभर थबकला आणि खड्या आवाजात म्हणाला, “कोण आहे तिकडे?”

मी पुन्हा उत्तर दिलं.

“हिंमत असेल तर बाहेर ये!”

जे होतं ते सगळं बाहेर आलं. शेवटी नुसताच आवाज आला, पोटाच्या तळापासून, पत्र्यात घुमत घुमत. दोन सैनिक घाबरून संवाद विसरले.

मी मान वर काढली तेव्हा काचेपलीकडे दिग्दर्शक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते धावत आत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “अकरा वर्षं! अकरा वर्षं ही कला कुठे दडवून ठेवली होतीत?”

गुपित फोडायचं नव्हतं. मी तोंड पुसत म्हटलं, “सराव करत होते.”

संहितेत गुहेत फक्त दरोडेखोर होते. दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे पेन काढून तीत राक्षस बसवला. काचभाऊंनी त्या तुकड्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘राक्षस, गुहेतला, जागा होताना. तीन वेळा.’ सगळे गेल्यावर त्यांनी हेडफोन गळ्यात अडकवला आणि हळूच विचारलं, “ताई, कितवा आठवडा?” चार मुलींचा बाप तो, आणि दिवसभर लोकांचे श्वास मोठे करून ऐकणारा. त्याच्यापासून काय लपणार? पिंप त्यांनीच धुतला. पुढच्या मुद्रणापासून आमच्या नाटकात सगळी हाडं गाजराची झाली.

एकोणतिसावा भाग पुढच्या मंगळवारी दुपारी दीड वाजता लागला. मी पुढच्या सीटवर पिशवी घेऊन बसले होते, सासूबाई मागच्या सीटवर रेडिओ लावून भाजी निवडत होत्या. राजपुत्र गुहेत शिरला. ‘कोण आहे तिकडे?’ राक्षसाने उत्तर दिलं. सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली.

दुसऱ्यांदा राक्षस ओरडला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. “अगं, ही तर तू!”

तीन आठवडे बाथरूमच्या दाराला कान लावून बसलेली बाई. तिला कोण फसवणार?

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन उचलला होता. माझ्याच मोबाइलमधून दिग्दर्शकांचा नंबर काढला आणि भरल्या बसमध्ये शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “अहो, माझी सून गरोदर आहे, राक्षस नाही!”

झालं. तासाभरात अख्ख्या रेडिओला कळलं. आणि मग सुरू झाले सल्ले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण सल्ले मात्र न जळलेले लोकच देतात. आलं चघळ. आल्याचं नाव काढू नकोस. उठायच्या आधी कोरडं बिस्कीट खा. बिस्किटाकडे बघू नकोस. लिंबू हुंग. डाव्या कुशीवर झोप. मनावर घेऊ नकोस, मन रमव. वृत्तविभागातले एक गृहस्थ, ज्यांना बायको नाही की मूल नाही, मला म्हणाले, “उलट्या जास्त म्हणजे बाळ चांगलं, असं शास्त्र आहे.” मी त्यांना म्हटलं, “मग या, तुमच्या बुटावर थोडं शास्त्र करते.” दिग्दर्शक मात्र खजील झाले होते. सदतिसाव्या भागात चाळीस घोड्यांची चढाई होती, ती त्यांनी पुढे ढकलली. “तुमच्याशिवाय घोडदळ निघणार नाही,” ते म्हणाले. वर दबक्या आवाजात विचारलं, “राक्षस अजून एकदा मिळेल का?”

नवव्या आठवड्यात राक्षसही दमला. पिशव्या रिकाम्याच राहू लागल्या, कारण बाहेर यायला काही उरलं नव्हतं. ओठ फुटले, लघवी होईना, सहा किलो वजन गेलं. एका सकाळी बाथरूममधला आवाज बंद झाला. सासूबाईंनी दोनदा टकटक केलं. मी निघाले नाही. पुन्हा दोनदा टकटक. मी फरशीवर बसले होते, ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी दार ढकललं, मला पाहिलं आणि हाक मारली ती मास्तरला नाही, टॅक्सीला.

डॉक्टर ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी माझी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि पहिला हल्ला सासूबाईंवर केला.

“किती दिवस चाललंय हे?”

“नेहमीचंच असेल वाटलं. मी तिला पुढे बसवलं होतं...”

“नेहमीचं नाही हे. नेहमीच्या मळमळीत पाणी तरी टिकतं. हिच्या अंगातलं पाणी संपलंय. याला आजार म्हणतात आणि आजाराला औषध असतं. आधी यायला हवं होतं.” मग माझ्याकडे वळून जरा खालच्या पट्टीत म्हणाल्या, “तुमचं काही चुकलेलं नाही. मन रमवून थांबणारी गोष्ट नाही ही.”

इतक्या दिवसांत हे वाक्य मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी रडले, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही, कारण तेही संपलं होतं.

सलाईन लागलं, त्यातून उलटीचं औषध सुरू झालं. डॉक्टरांनी पोट तपासलं, यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दिसतंय. ठोका आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू.”

मास्तर हसला. मी नाही हसले. मागच्या वेळीही हेच ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत. ‘दिसतंय. ठोका आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू.’ दोन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी यंत्र पोटावर इकडून तिकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं, आवाजाचं बटण वाढवलं, आणि खोलीत काहीही वाजलं नाही. मी नाटकासाठी शांतताही तयार करते. रानातली वेगळी, रिकाम्या घरातली वेगळी. तशी शांतता मला पुन्हा कधी ऐकायची नव्हती. मी भीतीने अर्धी झाले होते आणि हे कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

सासूबाईंना सांगावं लागलं नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या, माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “एकतीस वर्षांत उलटी होते म्हणून मी एकाही प्रवाशाला मधेच उतरवलं नाही. हाही शेवटच्या स्टॉपपर्यंत जाणार.”

“आई, तो काही तिकीट काढून बसला नाहीये.”

“मग विनातिकीट जाऊ दे. मी बघते कोण उतरवतं.”

दुसऱ्या दिवशी काचभाऊ भेटायला आले. मास्तर आणि ते कोपऱ्यात काहीतरी कुजबुजले. थोड्या वेळाने काचभाऊंनी माझ्या उशाशी एक छोटं यंत्र ठेवलं. “डोळे मिटा ताई. समुद्र ऐका. बरं वाटेल.”

मी डोळे मिटले. लाट आली, वाळूवर पसरली, मागे गेली. मग दुसरी लाट. मास्तर हळू आवाजात भूगोल सांगू लागला, “हा बघ लांबच लांब किनारा, मोकळं वारं...”

“हे वाटाणे आहेत,” मी म्हटलं.

“काय?”

“समुद्र कसला? सुके वाटाणे, पत्र्याच्या थाळीत. मीच फिरवलेत, चौदाव्या भागात. चौथ्या लाटेला एक वाटाणा खाली पडतो, ऐका.”

चौथी लाट आली. टक. वाटाणा पडला. आणि वाटाण्यांचं नाव डोक्यात येताच उकडलेल्या वाटाण्यांचा वास आला, आणि दीड दिवस थांबलेली गाडी पुन्हा सुरू झाली. नर्सने त्या दोघांना बाहेर काढलं. मी मास्तरकडून वचन घेतलं, “माझ्याशी असली नाटकं पुन्हा करायची नाहीत. मला बरं वाटावं म्हणून खोटं ऐकवायचं नाही. जे असेल ते खरं.” त्याने खडूच्या बाहीवर हात ठेवून शपथ घेतली.

औषधाने हळूहळू काम केलं. उलट्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण पंधरावरून पाचवर आल्या. पाणी टिकू लागलं, मग पेज, मग अर्धा टोस्ट. घरी आले. दोन आठवडे मी क्षितिजाकडे बघत दिवस ढकलले.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी खाटेवर आडवी, सासूबाई पायाशी, मास्तर डोक्याशी. पोटावर गार जेल. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि डॉक्टरांना म्हटलं, “मला पडदा दाखवू नका. चित्रावर माझा विश्वास नाही. आवाज येत असेल तर ऐकवा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “पडदा राहू दे. नुसतं आवाजाचं छोटं यंत्र लावते. कधीकधी शोधायला वेळ लागतो हं.”

खरखर. वाळूवर पाय घासल्यासारखी. मग एक संथ, जड धडधड. “ही तुमची,” डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा खरखर. यंत्र डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. मग काहीच नाही. मी मनात मोजत होते. नाटकात चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता ठेवली तर लोक रेडिओ आपटतात. सात झाले. आठ झाले. मास्तरची बाही माझ्या मुठीत चुरगळली होती. नऊ.

आणि टापा आल्या.

टबडक टबडक टबडक टबडक. भरधाव. खडीवर नाही, मऊ मातीवर. पक्का घोडा. मी अकरा वर्षं घोडे केलेत, मला घोडा कळतो.

माझं डोकंच फिरलं. मी डोळे उघडून उठायला लागले. “बंद करा! कुठे आहेत काचभाऊ? त्या कापडी पडद्यामागे आहेत ना? बाहेर या!”

“अगं, कोण? इथे कोणी नाही,” मास्तर म्हणाला.

“शपथ घेतली होतीस तू! वाटाणे झाले, आता करवंट्या? ही माझी टेप आहे, मला ओळखता येत नाही वाटतं?”

डॉक्टरांनी यंत्र उचललं तसा घोडा थांबला. “बाई, कसल्या करवंट्या?”

सासूबाई मात्र उठल्या. त्यांनी पडदा सरकवून मागे पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. मग माझ्यासमोर येऊन रिपोर्ट दिला, “गाडी रिकामी आहे. कोणी लपलेलं नाही.”

“झोपा,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि बोलू नका. ऐका फक्त.”

यंत्र पुन्हा टेकलं. घोडा पुन्हा आला. मी कान देऊन ऐकू लागले, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला. माझा असेल तर डावी टाप उशिरा पडणार. पडायलाच हवी. माझ्या कुठल्याही घोड्यात ती पडते. मी दहा टापा ऐकल्या. वीस ऐकल्या. पन्नास ऐकल्या.

एकही उशिरा पडली नाही.

हा घोडा लंगडत नव्हता. हा माझा नव्हता. हा कुणीच केलेला नव्हता.

“मिनिटाला एकशे अडुसष्ट,” डॉक्टर म्हणाल्या. “उत्तम चाललंय.”

“उपाशीपोटी?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“तुम्ही उपाशी होतात. त्याने त्याला हवं ते तुमच्याकडून वसूल केलंय.”

मग मी रडले, आणि या वेळी डोळ्यांत भरपूर पाणी होतं. मास्तर माझ्याहून मोठ्याने रडला आणि त्याने डोळे बाहीला पुसले, त्यामुळे डोळ्यांत खडू गेला आणि नर्सला त्याचे डोळे धुवावे लागले. सासूबाईंनी खाटेच्या लोखंडी दांड्यावर बांगडी दोनदा आपटली. टण टण. चला.

मी लगेच ओकले, ही गोष्ट वेगळी. आनंदाने काही उलट्या थांबल्या नाहीत. पुढेही कितीतरी दिवस ओकत होते, पिशव्यांचे डझन संपत होते. पण आता मी ओकून झाल्यावर पोटाला सांगायचे, धाव रे तू, माझ्याकडे बघू नकोस.

महिनाभराने सदतिसाव्या भागाचं मुद्रण झालं. चाळीस घोड्यांची चढाई. मी खडीवर जाड घोंगडी टाकली, म्हणजे माती मऊ होते. करवंट्या हातात घेतल्या, डोळे मिटले आणि ऐकलं होतं तसं वाजवू लागले. डावा हात मागे राहत होता. मी त्याला ओढून पुढे आणला, पुन्हा मागे राहिला, पुन्हा ओढला. मनगट ठणकायला लागलं. आणि मग कधीतरी दोन्ही हात एकत्र पडू लागले. काचेपलीकडे काचभाऊंनी मान वर केली आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

दिग्दर्शकांनी हात वर करून मुद्रण थांबवलं.

“बाई, फारच घाई होतेय. आणि इतका नेटका? असा घोडा कधी पळतो का?”

“पळतो,” मी म्हटलं. “ऐकलाय मी.”